टेकडीचं काम म्हणजे आधी आवक-जावक

आमच्या पुण्यातल्या टेकडी ग्रुपचं एक आहे, रविवारी झाडं लावायची म्हटलं की ही गर्दी, टी-शर्ट काय, फोटो काय, खाली उतरल्यावर पोहे-चहा, आणि कमिटी मीटिंग म्हटलं की तेच ते ठरलेले चेहरे. त्यातही एक काका अजेंडा सोडून पार्किंगचा विषय काढणार म्हणजे काढणारच.

पण झाडं वाचतात ती या रटाळ कामामुळेच हो. आपल्याकडे १९७५ चा झाडांचा कायदा आहे, झाड तोडायचं असेल तर पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावर नोटीस लावावी लागते. हरकतीला बहुतेक वेळा मोजके दिवस, त्यात शनिवार-रविवार गेला की संपलंच. त्यामुळे रोज सकाळी पेपरातल्या त्या मुंगीएवढ्या अक्षरातल्या नोटिसा वाचणारा माणूस हा आमच्या लेखी अध्यक्षापेक्षा मोठा. आणि हरकतीत नुसतं "कृपया झाड तोडू नये" लिहून काय होतंय? बुंध्याचा घेर मोजा, जात लिहा, फोटो जोडा. २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, मग वय दाखवायला काहीतरी हवं ना, तर एका आजींनी थेट मुलाच्या मुंजीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणून दिला, मागे तोच वड, पारंब्या अजून जमिनीला टेकलेल्या नाहीत. लावला की जोडपत्र म्हणून!

बागेचं आरक्षण बदलायचा घाट असेल तर प्रकरण वेगळं, तिथे एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते, हरकतीला महिनाभर मिळतो आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणी द्यावी लागते. माझं मत, एकाच पत्रावर दोनशे सह्या घेण्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या शब्दात वीस पत्रं द्यावीत, आणि प्रत्येकाने आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच नाही तर पत्र दिलंच नाही असं समजा.

संस्था ट्रस्ट म्हणून रजिस्टर असेल तर नवी कमिटी निवडल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे कमिटी बदलल्याची माहिती, द्यायचा असतो, तो राहिला की कागदावर जुनीच मंडळी आणि मग "तुम्ही कोण?" इथपासून सुरुवात.

आणि हो, झाडं लावण्याबद्दलही कमिटीत भांडणं होतात, व्हायलाच पाहिजेत. टेकडीवरचं गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे, तिथे खड्डे खणून काहीही लावायचं नसतं, पूर्वी लावलेल्या ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाने काय केलंय ते दिसतंच आहे, खाली दुसरं काही वाढायची मारामार. यावर मागच्या मीटिंगमध्ये एवढी वादावादी झाली की इतिवृत्त लिहिणारीने शेवटी "सविस्तर चर्चा झाली" एवढंच लिहिलं.

सध्या सेक्रेटरीची जागा रिकामी आहे. बारीक टाइप वाचता येणाऱ्यांना प्राधान्य, पोहे आमच्याकडून.