व्ही-एट बसवलेली एमजीबी विकायला काढताना

ब्रिटनमध्ये मूळचं १७९८ सीसीचं चार सिलिंडर इंजिन काढून रोव्हर कंपनीचं ३५२८ सीसी व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवलेल्या एमजीबी (एमजी कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या) पुष्कळ दिसतात. अशी गाडी विकताना तिला ‘कारखान्याची व्ही-एट’ म्हणू नका. १९७३ ते १९७६ या काळात एमजीने हे इंजिन फक्त बंद छताच्या जीटीत दिलं. त्या काळातली उघडी रोडस्टर असेल तर बदल नंतरचाच, आणि जीटीचं खरंखोटं चॅसिस नंबर सांगतो. चांगलं केलेलं काम लपवायचं कशाला?

नोंदणीच्या कागदावर नवा इंजिन नंबर आणि सीसी चढलेले हवेत. विमा कंपनीलाही बदल कळवलेला असावा.

गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका. जाणता माणूस आधी बॉनेटवर हात ठेवतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टिकटिक थोड्या वेळात थांबली पाहिजे. चालूच राहिली तर झिजलेल्या कॅमशाफ्टची (टॅपेट हलवणाऱ्या दांड्याची) शंका येते, आणि ती रास्तच आहे. मग गाडी उभी ठेवून पंखा लागेपर्यंत चालू द्या. बॉनेटखाली जागा अपुरी असल्याने उष्णता कोंडते, म्हणून तापमानाचा काटा दाखवणं शंभर फोटोंपेक्षा मोलाचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग शाफ्टमधली फट मात्र जवळून फोटोत टिपा.

ब्रेक, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल यांच्या पावत्या एका फाइलीत लावा. जुनं इंजिन असेल तर गाडीसोबतच द्या.