वहीत 140, मीटरमध्ये 312

दहावीतली मुलगी, लहानपणापासून टाइप 1 मधुमेह. रोजची साखर लिहायच्या वहीतले आकडे देखणे: 132, 145, 138, 140. सगळे एकाच पेनाने लिहिलेले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, मात्र 10.5. वही खरी असती तर तो 6.5च्या आसपास आला असता, 10.5 म्हणजे सरासरी साखर 255च्या घरात. असा फरक दिसला की समुपदेशक म्हणून मी आधी साखर तपासायचं मीटर मागते. मेमरीत शाळेच्या दिवशी दुपारी साडेतीनला 312, 298 आणि संध्याकाळी 58, 61. रविवारचे आकडे बरे होते.

रविवारमुळे दिशा कळली. मूळ डोसच (रोजचं ठरलेलं लांब पल्ल्याचं इन्सुलिन) कमी पडत असता तर सुट्टीच्या दिवशीही शुगर चढली असती. आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं आणि तिला फक्त डब्याच्या सुट्टीबद्दल विचारलं.

वर्गात इन्सुलिनचं पेन काढलं की मुली वळून बघतात. टॉयलेटला रांग असते. म्हणून डब्यातल्या पोळ्या इन्सुलिनशिवायच पोटात जात. घरी दप्तर उतरवायच्या आत प्रश्न यायचा, "शुगर किती?" आकडा ऐकून आई रडायची, बाबा चिडायचे. मग ती गुपचूप इन्सुलिन घ्यायची आणि तासाभरात शुगर उतरली नाही की परत. जेवणाच्या जलद इन्सुलिनचा असर तीन-चार तास टिकतो, त्यामुळे एका डोसवर दुसरा चढतो आणि क्लासमध्ये शुगर कोसळते. घाम, थरथर, धडधड परीक्षेच्या भीतीनेही होते. ती भीतीच समजून बसून राहायची. हे फार धोक्याचं आहे.

झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, वजनासाठी इन्सुलिन टाळतेस का, हेही थेट विचारलं. यातलं काही नव्हतं. आईवडिलांना काय सांगायचं, ते तिच्या संमतीने ठरवलं.

त्यांना मी स्पष्ट सांगितलं की ही बेशिस्त नाही. वयात येताना शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं, ताणातल्या ॲड्रेनलिन-कॉर्टिसॉलने साखर वाढते; सगळं पाळूनही कधी 250 येतं. शिवाय पोर मोठी झाली म्हणून सगळा भार तिच्यावर सोडणं या वयात बऱ्याचदा अंगाशी येतं. म्हणून रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन पुन्हा आईने द्यायचं. दुपारी शुगरचा प्रश्न नाही, आधी जेवण. रात्री तिघांनी मिळून दहा मिनिटं मीटर बघायचं आणि आकड्याला चांगला-वाईट म्हणायचं नाही.

शाळेसाठी डॉक्टरांचं पत्र दिलं: डब्याआधी 15 मिनिटं, शिक्षकांच्या खोलीत इंजेक्शन. तिचं प्रमाण 10 ग्रॅम कर्बोदकांना 1 युनिट. दोन मध्यम पोळ्यांना साधारण 4. तीन तासांच्या आत परत डोस घ्यायचा नाही; शुगर जास्तच राहिली तर आम्हाला फोन. थरथर झाली की आधी तपासायचं, तपासणीची पट्टी नसेल तर शुगर खाली गेली असं धरूनच चालायचं: तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, 70च्या खाली असेल तर परत तेवढीच साखर. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. एका मैत्रिणीला हे शिकवायचं. कोणाला, ते तिनेच निवडलं.

पुढच्या भेटीत एचबीएवनसी 9.1 होता. वहीत 287 होतं, शेजारी तिने लिहिलं होतं: "वाढदिवस, केक, डोस कमी पडला." आता बोर्डाच्या परीक्षेची तयारी. सीबीएसई 2017पासून अशा मुलांना हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळं आणि पाणी नेऊ देतं, आता मीटरही. तिच्या शाळेमार्फत करायचा अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहून दिला.