नार्व्याहून दिवाडीला, देवाच्या उलट वाटेने

श्रावणातला एखादा सोमवार गोव्यातल्या नार्वे गावच्या सप्तकोटेश्वराला, म्हणजे शंकराला, हे आमच्या घरी ठरलेलं. पण देव मूळचा जिथला, ती दिवाडी बेटावरची जागा मी पाहिली नव्हती आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईनेही नाही. मध्ये फक्त नदी. शेवटी एका रविवारी म्हापशाहून स्कूटर काढली आणि दोघी निघालो.

आधी देवदर्शन. दारावरचा शिलालेख आई दर वेळी थांबून वाचते. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार आरंभला तो दिवस, म्हणजे १६६८ साल. निघताना तिने पुजाऱ्यांकडून तीर्थ मागून घेतलं, छोट्या बाटलीत. कशाला, ते मी विचारलं नाही.

नार्व्याच्या फेरी धक्क्यावर ओहोटी होती. ओहोटीला धक्क्याचा खालचा उतार शेवाळलेला असतो, हे मला माहीत असायला हवं होतं. आई मागे बसलेली असतानाच मी स्कूटर खाली घेतली आणि मागचं चाक सरकलं. बोटीवरच्या माणसाने धावत येऊन हँडल धरलं. "मांय, सांबाळून यो," म्हणत आईला हात देऊन आत नेलं. स्कूटरवर वयस्कर माणूस असेल तर उताराच्या वरच उतरवा, चालत आणा. बोट थांबते.

चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पाणी कापत बोट निघाली तशी आई कठड्याशी जाऊन उभी राहिली. १५६० मध्ये पोर्तुगिजांनी दिवाडीतलं देऊळ पाडलं. लिंग विहिरीच्या रहाटाला लावलं होतं, असं सांगतात. भाविकांनी ते सोडवून नदीपार नेलं. तेव्हा देवासाठी केवढं मोठं वाटलं असेल हे पाणी, आणि आम्ही ते काही मिनिटांत ओलांडलं.

देवाच्या मूळ जागी, कोटीतीर्थ तळीपाशी कोणीच नव्हतं. जांभ्या दगडाचं बांधकाम, हिरवं पाणी, भोवती झाडी. गोव्याचे कदंब राजे स्वतःला सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले म्हणवत, नाण्यांवर तसं कोरत. त्यांचा देव इथला. आईने चपला काढल्या, काठावर बसली आणि बाटलीतलं तीर्थ हळूहळू तळीत सोडलं. "त्याचंच आहे," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ आम्ही तिथेच बसलो होतो.

पुढे बेटावरचंच पियेदाद गाव. टेकडीवरच्या चर्चच्या जागी पूर्वी गणपतीचं देऊळ होतं, दिवाडीचा तो महागणपती आता खांडोळ्याला आहे. आईने तिथेही हात जोडले. वर वारा छान, खाली खाजन शेतं, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, त्यांचे बांध आणि मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं. दुपारी खायला मात्र काही मिळालं नाही. डबा घरूनच न्यावा.

परतताना जुन्या गोव्याकडची बोट धरली. समोर चर्चचे मनोरे जवळ येत होते, पण आई मागे, बेटाकडेच बघत होती. मग बोटीवरच्या माणसाला तिने विचारलं, गोकुळाष्टमीला नार्व्याची पहिली बोट कितीला सुटते. त्या दिवशीचं नार्व्यातलं पंचगंगेचं, नदीतलं स्नान आटोपून माझ्या दोन्ही मावश्यांना तळीवर आणायचंय तिला.