काडी नको, लांब गिट्टी हवी

नवा ४३ इंची टीव्ही घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बसवणारा मुलगा आला. आमच्या हॉलच्या भिंतीवर साधारण पाच फुटांवर खूण केली, हॅमर ड्रिल लावलं आणि पंधरा मिनिटांत चार भोकं पाडली. स्क्रू पिळायला घेतला तर तो आवळेचना, नुसता गोल फिरत राहिला. तेव्हा तो म्हणाला, "काका, काडेपेटीच्या दोन काड्या घाला आत, घट्ट बसेल."

मी त्याला तिथंच थांबवलं. टीव्ही आठ-नऊ किलोचा, खाली आईचा दिवाण. काड्यांच्या भरवशावर तो टांगायला माझं मन तयार होईना. टीव्ही परत खोक्यात गेला.

संध्याकाळी सोसायटीचे इलेक्ट्रिशियन काका आले. त्यांनी पहिल्यांदा जमिनीवर पडलेली भुकटी चिमटीत घेतली. पांढुरकी, पिठासारखी. "ही वीट नाही," ते म्हणाले, "ब्लॉक आहे." लाल भुकटी आली तर वीट, करडी आणि खरखरीत आली तर काँक्रीट, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या इमारतीत आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या आहेत. हे ब्लॉक तयार करताना मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात, त्यातून वायू सुटतो आणि आत असंख्य बारीक पोकळ्या राहतात. म्हणून ब्लॉक इतका हलका की पाण्यावर तरंगतो. अशा भिंतीवर ड्रिलचा ठोके देणारा हॅमर चालवला की भोकाच्या कडा आतून ढासळतात, आणि आखूड गिट्टीला (भोकात बसवून जिच्यात स्क्रू पिळतात ती प्लॅस्टिकची नळी) धरायला काही उरत नाही. बसवणाऱ्यानं भिंत ओळखायलाच हवी होती, असं माझं आजही ठाम मत आहे.

काकांनी ब्लॉकसाठीच्या लांब नायलॉनच्या गिट्ट्या आणायला सांगितल्या. मग उंचीचा विषय निघाला. पाच फूट का, तर सगळे तिथेच लावतात! आईला मानेचा त्रास आहे. मी टीव्हीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद चिकटवून तयार केला, सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ उंच, आणि तो भिंतीवर लावून आईला दिवाणावर बसवलं. "अजून खाली घे. अजून." कागदाचा मध्य जमिनीपासून १०५ सेंटिमीटरवर आला तेव्हा ती म्हणाली, "आता बरं वाटतंय." खाली आल्यामुळे जुनी भोकंही आपोआप लांब राहिली, ती नंतर पुट्टीनं बुजवली.

एक गोष्ट मात्र मी जवळजवळ चुकवली होती. टीव्हीच्या मागची, स्टँड लावायची चार भोकं बऱ्याचदा पडद्याच्या बरोबर मध्यावर नसतात, आमच्या टीव्हीला ती बरीच खाली होती. गादीवर चादर टाकून टीव्ही पालथा ठेवला, भोकांचं अंतर मोजलं आणि तेवढंच कागदावर उतरवलं. त्या कागदातूनच भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या, पाणसळ लावून.

भिंतीत सहसा स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली किंवा आडवी पाइपमधून वायर गेलेली असते, म्हणून खुणा त्या रेषेपासून बाजूला ठेवल्या आणि वीज बंद करायला एमसीबीचा खटका खाली पाडला. ड्रिल काकांच्या बॅटरीवरचं होतं. या वेळी हॅमर बंद, बिट गिट्टीच्या मापाला जरा कमी, आणि हात सावकाश. भुकटी पडू नये म्हणून भोकाखाली घडी घातलेला कागद चिकटवला होता. गिट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत गेली, आणि स्क्रू शेवटच्या चार फेऱ्यांना चांगलाच जड झाला. तो जडपणा हाताला कळला तेव्हा जीव भांड्यात पडला.

स्टँडची पट्टी भिंतीला लावून मी ती दोन्ही हातांनी खेचून पाहिली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ती केसभरही हललेली नव्हती. टीव्ही चढवण्याआधी एचडीएमआयची वायर मागे जोडून घेतली, कारण आमच्या स्टँडमध्ये नंतर हात घालायला जागाच राहत नाही. मग बायकोनं एक बाजू धरली, मी दुसरी, आणि टीव्ही खाचांत बसला.

आई आता दुपारी दिवाणावर टेकून टीव्ही बघते. मानेखाली पूर्वी दोन उशा लागायच्या, आता एकीवर भागतं.