ब्लूबेरीचं झुडूप आजोबांचं, फांद्या मात्र तरुण हव्यात

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, फ्रेझर नदीच्या खोऱ्यात ॲबट्सफर्ड आहे. पंजाबी शीख इथे आले ते लाकडाच्या गिरण्यांत राबायला. त्यांचा 1911 सालचा गुरुद्वारा अजून उभा आहे. आज इथल्या कितीतरी ब्लूबेरीच्या बागा पंजाबी कुटुंबांच्या आहेत, आणि आजोबांनी लावलेल्या झुडपाची फळं नातू तोडतो. नीट राखलं तर झुडूप तीस-चाळीस वर्षं फळतं. फांदी मात्र पाच-सहा वर्षांत थकते, म्हणून बागेचं आयुष्य छाटणीवर ठरतं.

पानगळ झाली की डोळे (काडीवरचे कोंब) फुगायच्या आत छाटणी उरकायची. जाड, करड्या, खरबरीत सालीच्या एक-दोन जुन्या फांद्या दरवर्षी जमिनीलगत कापायच्या आणि दोन-तीन जोमदार फुटवे राखायचे. फळ गेल्या हंगामातल्या काडीवर येतं. टोकाकडचे गोल, टपोरे डोळे फुलाचे. बारीक, टोकदार असतात ते पानाचे. फुलांचे डोळे जास्त राहिले तर फळ भरपूर लागतं, पण बारीक राहतं आणि उशिरा पिकतं. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. नव्या लागवडीत पहिली दोन वर्षं फुलं खुडायचीच. जीव होत नाही, पण मुळं त्याशिवाय धरत नाहीत.

जमीन आम्ल हवी, सामू (pH) 4.5 ते 5.5. त्यावर गेला की लोह मिळत नाही: पान पिवळं, शिरा हिरव्या. गंधक लागवडीच्या वर्षभर आधी घालायचं, कारण त्याचं आम्ल जिवाणू करतात आणि ते सावकाश होतं. मुळं उथळ असतात, हिवाळ्यातला पाऊस दांडगा. म्हणून गादीवाफे, वर 8-10 सेंटिमीटर लाकडाचा भुसा. भुसा कुजताना नत्र खातो, तेवढं जास्त द्यावं लागतं. नत्र अमोनियम सल्फेटमधून द्यावं, नायट्रेटमधून नाही. जुलैनंतर दिलं तर कोवळी वाढ थंडीत जळते.

2009 पासून इथे ठिपकेदार पंखांची फळमाशी आहे. तिच्या कुळातली बहुतेक चिलटं सडक्या फळावर जातात. ही मात्र करवतीसारख्या अवयवाने धडधाकट, पिकत्या फळाला चिरून आत अंडी घालते. ‘ड्यूक’ हा वाण लवकर येतो म्हणून बराचसा वाचतो, उशिराचा ‘इलियट’ वाण तिच्या तावडीत सापडतो. अशा उशिराच्या वाणाची तोडणी आठवड्याच्या पुढे ढकलू नये, आणि अतिपक्व फळ झुडपावर ठेवू नये.