खुडूक

सोमवार, रात्रीचे दहा.

काल रात्रभर वीज नव्हती, ही काही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट नाही. आषाढात पाटणच्या डोंगरभागात ती जातेच, आणि तारांवर झाड पडले असेल तर दोष तरी कोणाला द्यायचा? लिहायचे आहे ते पहाटे तीनच्या सुमारास खुराड्यातून आलेल्या एका आवाजाबद्दल. आमच्या तांबडी कोंबडीने एकदाच, अगदी हळू, ‘कुक्’ केले आणि ती गप्प झाली. आज दिवसभर कामे उरकली, पण तो आवाज काही मनातून गेला नाही.

वीज गेली तेव्हा साडेनऊ झाले होते. पिल्ले चार दिवसांची आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी उतरवत न्यायची असते, कारण त्यांच्या अंगावर अजून नुसती लव असते आणि अंगची ऊब राखून धरणे त्यांना जमत नाही. पिवळा बल्ब विझल्यावर थोडा वेळ काहीच जाणवले नाही, कारण खालच्या तुसात ऊब शिल्लक होती. मग आवाज बदलला. सुखात असलेली पिल्ले बारीक, तुटक, आपापसांत कुजबुजल्यासारखी बोलतात. गारठलेली पिल्ले मात्र एका सुरात, उंच आवाजात आणि न थांबता ओरडतात. बॅटरी लावून पाहिले, तर सगळी एका बाजूला ढीग करून बसली होती. कोपऱ्यात दाटी होऊ नये म्हणून पत्र्याचे कडे गोल केले आहे, तरीही थंडीत ढीग होतोच, आणि तळाशी सापडलेले पिल्लू वरच्यांच्या भाराने गुदमरते. मी हाताने त्यांना पुन्हा पुन्हा मोकळे करत राहिले.

आत्या म्हणाल्या, “शेगडी ठेव की जवळ.” पण दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत धुमसता कोळसा ठेवायला माझे मन धजेना. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. तो पिल्लांनाही सोसला नसता आणि आम्हालाही. म्हणून चुलीवर पाणी तापवले, थोडे निवू दिले (उकळते ओतले तर प्लास्टिकची बाटली आक्रसते), आणि बाटल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लांच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. घोंगडी खोक्यावर अर्धीच टाकली, म्हणजे हवा खेळती राहील. दर तासाला पाणी बदलायचे होते. दीडच्या सुमारास तिसऱ्यांदा चूल पेटवताना ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत गेला आणि मग रडू थांबेना. हे ड्यूटीवर होते, दादाचा फोन लागत नव्हता, आत्यांना उठवणे बरे वाटेना. आमच्याच तालुक्यातल्या कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे, आणि माझ्यापाशी एक बल्ब पेटेल एवढीही वीज नाही, हे तेव्हा फार लागले. या घरात रात्री जागणारी मी एकटीच आहे, असेही वाटले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आणि तीन वाजता तो आवाज आला.

मागच्या महिन्यात तांबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी घालायचे थांबवून उबवायला बसली होती. छातीची पिसे गळून तिथली कातडी उघडी पडली होती, कारण त्या उघड्या अंगाचीच ऊब अंड्यांना लागते. ती डालग्यातून हलेना, जवळ गेले की अंग फुगवून गुरगुरे. मला अंडी हवी होती, म्हणून तिला तीन दिवस गार पाण्यात बुडवून काढले आणि उघड्या जाळीवर कोंडून ठेवले. सगळे असेच करतात, मीही पूर्वी केले आहे. चौथ्या दिवशी ती दाणे टिपत अंगणात फिरू लागली, तेव्हा मला बरे वाटले होते.

आज दुपारी भाकरी थापताना सहज दिवस मोजले. तेव्हा तिच्याखाली अंडी ठेवली असती, तर एकविसाव्या दिवशी ती फुटली असती आणि तिची पिल्ले आज नेमकी चार दिवसांची झाली असती. भाकरी तव्यावर करपली.

अंडे फुटायच्या आदल्या दिवशी पिल्लू कवचाच्या आतूनच बोलू लागते आणि खुडूक कोंबडी बाहेरून त्याला हळू आवाजात उत्तर देते. मी ते कान लावून ऐकले आहे. कालचा ‘कुक्’ अगदी तसाच होता. पिल्ले त्या वेळी मोठ्याने ओरडत होती आणि खुराडे मधल्या भिंतीला लागूनच आहे. तिने त्यांना उत्तर दिले का? की झोपेत कूस बदलली, एवढेच? कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास असते. तिला बाटल्या बदलाव्या लागत नाहीत, वीज आली-गेली तरी तिला त्याचे काही नसते. ती भिंतीपलीकडे होती आणि मी अलीकडे चूल फुंकत होते.

पहाटे साडेपाचला वीज आली. पंचवीसपैकी चोवीस राहिली आहेत. आत्यांनी गुळाचे पाणी केले, पिल्ले प्यायली.

संध्याकाळी अंधारून आल्यावर, मनाला राहवेना म्हणून, एक पिल्लू ओंजळीत घेऊन तांबडीच्या पंखाखाली सरकवले. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्या डोक्यावर टोच मारली. मी ते लगेच काढून घेतले. जखम झाली नाही. तिच्यातले ते आईपण मीच मोडले होते. आता माझ्या गरजेला ते परत यावे, असे मी कशी म्हणू? आत्या दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “पुढच्या खेपेला खुडूक झाली की बसू दे तिला.” मी “हो” म्हणाले. त्यांनी पिल्लू माझ्या हातातून घेतले आणि पदराखाली धरून त्या बल्बपाशी नेऊन बसल्या.

तो आवाज कोणासाठी होता, हे मला कळले नाही, आणि आता विचारायची सोयही नाही.

पावसाने पुन्हा जोर धरला आहे. हे लिहिताना बल्ब दोनदा मिणमिणला. बाटल्या भरून ठेवायला उठते.