तिघींसाठी तीन सुऱ्या

आज दुपारी वाचता वाचता एका प्रश्नावर अडकले, ती अजून तिथेच आहे.

जर्मनीतल्या वर्म्स शहराचा बिशप बुर्खार्ट, ११व्या शतकाच्या सुरुवातीचा. पापाची कबुली द्यायला आलेल्यांना काय काय विचारायचं, याची त्याने पाद्र्यांसाठी लांबलचक यादी करून ठेवलीय. त्यात बायकांसाठी हा प्रश्न: वर्षाच्या ठरावीक वेळी घरात टेबल मांडून त्यावर खाणंपिणं आणि तीन सुऱ्या ठेवल्यास का? ख्रिस्ती धर्माआधीच्या समजुतीतल्या, नशीब ठरवणाऱ्या त्या तीन बहिणी आल्याच, तर त्यांनी चार घास खावेत म्हणून?

ठेवल्या असतील तर वर्षभर, नेमलेल्या दिवशी प्रायश्चित्त.

मैत्रिणीला पाठवलं. तिचं उत्तर, "बिशपला सुऱ्यासुद्धा मोजून माहीत!"

गोम तिथेच आहे. असल्या याद्यांत जुन्या ग्रंथांतली उचलाउचल भरपूर, म्हणून इतिहासकार त्या जपून वाचतात. बुर्खार्टही त्याला अपवाद नाही. पण या सुऱ्या मला तरी कुणाच्या तरी खऱ्या स्वयंपाकघरातल्या वाटतात.

आणि कबुली घ्यायची ती बाप्तिस्मा झालेल्या बाईचीच. म्हणजे टेबल मांडणारी चर्चलाही जाणारीच. तिला यात काही वावगं वाटत असेल का?